साखरलेली बाटली

मामा मध आणायचा तो सरबताच्या जुन्या बाटलीत. बाटली राखेने घासून उन्हात वाळवलेली, बूच घट्ट बसवून वर पोळ्याचंच मेण वितळवून ओतलेलं. मे महिन्यात तो वाईहून एसटीने आमच्याकडे पुण्याला यायचा, तेव्हा त्याच्या पिशवीत अशा दोन बाटल्या असायच्या, एकमेकींवर आपटू नयेत म्हणून जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेल्या. तो मध काळसर, कोऱ्या चहाच्या रंगाचा. गोड तर होताच, पण गिळल्यावर घशाशी किंचित तुरटपणा रेंगाळायचा. आम्हा मुलांना तो नको असायचा. "जांभळाचा आहे, असाच लागतो," असं म्हणत आई पोळीला तूप लावायची आणि वर मधाची धार सोडायची.

१९९१ च्या दिवाळीनंतर मामा अवचित आला. या खेपेची बाटली वेगळीच होती, पिवळीधमक, उजेडात धरली तर पलीकडची खिडकी दिसेल अशी. तुरटपणाचं नाव नाही. आम्ही खूश. पण संक्रांतीच्या आसपास बाटलीच्या तळाशी पांढुरका थर दिसायला लागला आणि आठवड्याभरात सगळा मध घट्ट झाला. बाटली उलटी धरली तरी थेंब हलेना. आई विणकामाची सुई घालून तो उकरून काढायची.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. प्रयोगशाळेचा पांढरा कोट नवा होता आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं वय होतं. मामा पुढच्या वेळी आला तेव्हा सगळ्यांसमोर मी म्हणाले, "मामा, या मधात साखर आहे. खरा मध गोठत नाही." खोली एकदम गप्प झाली. मामाने बाटली हातात घेतली, सुईच्या टोकाने थोडा मध काढला, अंगठा आणि तर्जनीत चोळला, जिभेवर ठेवला. "सूर्यफुलाचा आहे गं," एवढंच म्हणाला. भांडला नाही, समजावत बसला नाही. त्यानंतर सूर्यफुलाचा मध त्याने आमच्या घरी कधीच आणला नाही. जांभळाचा मात्र हातपाय चालत होते तोवर आणत राहिला.

मामा जाऊन आता बारा वर्षं झाली. मी नोकरीभर रसायनशास्त्र शिकवलं. त्या एका वाक्याची सल गेली नाही. त्याच्याशी बोलायचं राहिलं ते इथे लिहिते आहे.

मध म्हणजे मुख्यतः दोन साखरा आणि पाणी. फ्रुक्टोज साधारण ३८ टक्के, ग्लुकोज ३१ टक्क्यांच्या आसपास, पाणी सतरा-अठरा टक्के. उरलेल्या थोड्या जागेत इतर साखरा, आम्लं, खनिजं, प्रथिनं, विकरं म्हणजे एन्झाइम आणि वासाची द्रव्यं दाटीवाटीने बसलेली असतात. पण हे झाले सरासरीचे आकडे, आणि सरासरीचा मध कुठल्याच पोळ्यात सापडत नाही. ग्लुकोज पाण्यात फ्रुक्टोजइतका सहज विरघळत नाही. मधातल्या एवढ्याशा पाण्यात तो त्याच्या कुवतीबाहेर कोंबलेला असतो. निमित्त मिळालं की तो खडा धरतो. एखादा परागकण, हवेचा बुडबुडा, बाटलीत राहिलेला जुना कण, एवढं निमित्त पुरतं. तापमान चौदा अंशांच्या आसपास असलं की हे काम सगळ्यात वेगाने होतं. पुण्याच्या जानेवारीतल्या रात्री याहून वेगळ्या नसतात. बाटलीच्या तळाशी जमलेला तो पांढुरका थर म्हणजे मधातलाच ग्लुकोज होता. बाहेरून कुणी काही घातलेलं नव्हतं.

मग जांभळाचा मध वर्षभर पातळ राहायचा आणि सूर्यफुलाचा दोन महिन्यांत का गोठला? माझ्या तेव्हाच्या डोक्यात हाच पुरावा होता: एकाच माणसाचे दोन मध, एक गोठतो, एक गोठत नाही, म्हणजे एकात काहीतरी काळंबेरं आहे. खरं कारण फुलात होतं. काही फुलांच्या मकरंदात बहुतेक ऊसाचीच साखर असते, म्हणजे सुक्रोज. माशी आपल्या विकराने ती फोडते आणि तिचे फ्रुक्टोज आणि ग्लुकोज असे दोन सारखे भाग होतात. काही फुलं मात्र या दोन साखरा आधीच सुट्या करून, त्याही कमीजास्त प्रमाणात, माशीच्या पुढ्यात ठेवतात. माशी पाणी आटवते, साखर फोडते, पण फुलाने घालून दिलेला तोल पुरता बदलत नाही. सूर्यफुलाच्या मधात ग्लुकोज फ्रुक्टोजच्या जवळपास बरोबरीला येतो. मोहरीचंही तेच. राजस्थानात मोहरीच्या शेतांवर मधमाशांच्या पेट्या घेऊन जाणाऱ्यांना दिवस मोजावे लागतात, कारण उशीर झाला तर मध पोळ्यातच घट्ट बसतो आणि यंत्राने निघत नाही. उलट काश्मीरकडचा, बाजारात ज्याला अकेशिया म्हणतात तो रोबिनिया नावाच्या झाडाचा मध. त्यात फ्रुक्टोज इतका वरचढ असतो की बाटली वर्षानुवर्षं पातळ राहते. म्हणजे गोठणं-न-गोठणं हा खऱ्याखोट्याचा निवाडा नव्हेच. उलट साखरेचे पाक बनवणाऱ्यांना न गोठणारा पाक सहज बनवता येतो. आपण गिऱ्हाईक म्हणून न गोठणाऱ्या मधाचा हट्ट धरतो, तेव्हा प्रामाणिक मधपाळाला मागे ढकलतो आणि पाकवाल्याला पुढे बोलावतो. मी घरच्या घरी तेच केलं होतं.

मामाकडे सातेरीच्या आठ पेट्या होत्या. आपल्याकडच्या माशा चार: कड्यावर आणि उंच झाडांवर लोंबणारी आग्या, झुडपात एकच पोळं बांधणारी फुलोरी, ढोलीत राहणारी आणि पेटीत रमणारी सातेरी, आणि डंख नसलेली बारकी पोया. सुश्रुताने मधाचे आठ प्रकार सांगितले ते मुख्यतः माशीवरून, माक्षिक, भ्रामर, क्षौद्र, पौत्तिक असे. मामाला सुश्रुत माहीत नव्हता, पण "माशी कोण आणि फूल कुठलं, हे दोन्ही विचारावं" असं तो म्हणायचा. सातेरी फार लांब जात नाही. पेटीपासून साधारण एक-दीड किलोमीटरचा घेर, तेवढंच तिचं जग. त्या घेरात जे फुललं ते बाटलीत उतरतं. म्हणून मामा उन्हाळ्यात पेट्या वर डोंगराच्या अंगाला ठेवायचा, जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या जवळ, आणि पावसाळा संपला की खाली ओढ्याकाठच्या शेतांजवळ आणायचा. त्या वर्षी खाली सगळीकडे सूर्यफूल होतं.

डोंगर आणि पायथा यांतला फरक नुसत्या फुलांचा नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, घाट उतरून वाईला आलात की त्याच्या पाव हिश्श्याइतकाही नाही. मकरंद आणला जातो तो पातळ असतो. माशा रात्रभर पंखांनी वारा घालून त्यातलं पाणी उडवतात आणि मध पिकला की पोळ्याच्या घराला मेणाचं झाकण लावतात. वारा घालायला हवा कोरडी लागते. डोंगरातली हवा दमट, त्यात सातेरीचा मध मुळातच जरा पातळ. देशाच्या अन्नसुरक्षा नियमांत मधात पाणी २० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही आणि सह्याद्रीतल्या सातेरीच्या मधाला ती रेघ पाळणं कोरड्या मुलखातल्या मधापेक्षा अवघड जातं. पाणी जास्त राहिलं की रानटी यीस्ट जागं होतं, मध फेसाळतो, आंबूस होतो. म्हणून मामा पेटीतल्या पोळ्याच्या चौकटीवर तीन चतुर्थांश झाकणं बसल्याशिवाय हात लावायचा नाही. शेजारचा एक जण घाईने कच्चा मध काढून विकायचा, त्याच्या बाटल्यांची बुचं उन्हाळ्यात उडायची.

जांभळाच्या मधाचा काळेपणा आणि तुरटपणा हीसुद्धा फुलाचीच देणगी. गडद मधात खनिजं, त्यातही पोटॅशियम, आणि फिनॉल कुळातली द्रव्यं फिक्या मधापेक्षा साधारणपणे जास्त असतात. चहाचा, आवळ्याचा, कच्च्या जांभळाचा तुरटपणा याच कुळातला. लहानपणी जो नको वाटायचा त्याच तुरटपणासाठी आज मी हा मध मागवते.

पण सगळ्यांत नवलाचा मध मी पाहिला तो कारवीचा. सहावी-सातवीत असेन. दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे गेले होते. कारवी हे सह्याद्रीतलं झुडूप सात-आठ वर्षांतून एकदाच फुलतं आणि फुलतं तेव्हा सगळा उतार एकदम जांभळा होतो. मुंबईकरांनी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ ला पाहिली, मग २०२४ ला. मामाकडच्या डोंगराचं वर्ष वेगळं, पण थाट तोच. मामाने भरलेली चौकट मध काढायच्या यंत्रात बसवली आणि हँडल फिरवलं. एरवी मध पत्र्यावर पावसासारखा आपटायचा. त्या दिवशी काहीच नाही. चौकट बाहेर काढली तर घरं अजून भरलेलीच. मग मामाने सुरीने एक तुकडा कापला, फडक्यात घालून पिळला आणि स्टीलच्या वाटीत तो तपकिरी, दाट मध घेऊन ती वाटी ओट्यावर ठेवून दिली. थोड्या वेळाने मला म्हणाला, "आता उलटी कर." मी भीत भीत वाटी उलटी केली. मध खरवसासारखा जागच्या जागी. "आता चमच्याने ढवळ." चार फेरे मारले आणि तोच मध सैल झाला, चमच्यावरून धार पडायला लागली. पुन्हा ठेवून दिला, पुन्हा थिजला. "कारवीचा मध झोपतो," मामा म्हणाला. "त्याला उठवावं लागतं."

बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं की या गुणाला थिक्सोट्रॉपी म्हणतात, आणि जगात ठळकपणे असं वागणारे मध हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत: स्कॉटलंडच्या माळांवरच्या हेदर झुडपाचा, न्यूझीलंडच्या मानुका झुडपाचा आणि आपल्या सह्याद्रीतला कारवीचा. हेदरच्या बाबतीत कारण शोधून काढलेलं आहे. त्या मधात एक विशिष्ट प्रथिन इतर मधांपेक्षा बरंच जास्त असतं, ते काढून टाकलं की मध साध्या मधासारखा वाहतो आणि तेच दुसऱ्या साध्या मधात घातलं की तो मधही थिजायला लागतो. हे वाचलं तेव्हा मी एकटीच होते. मला ओट्यावरची ती वाटी दिसली आणि मामाला हे फोन करून सांगता येणार नाही हेही लगेच आठवलं.

याच मानुकाची गोष्ट मला विद्यार्थ्यांना सांगायला आवडायची. मधात ग्लुकोजवर काम करणारं एक विकर माशीच्या लाळेतून येतं, त्याने हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, जखमेवर मध लावायची जुनी पद्धत बरीचशी त्यावर उभी आहे. मानुका मात्र पेरॉक्साइड नाहीसं केलं तरी जंतू मारायचा. २००८ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संशोधकांनी कारण दाखवलं, मिथाइलग्लायॉक्सल नावाचा रेणू. तो फुलाच्या मकरंदात नसतो. मकरंदात असतं डायहायड्रॉक्सिॲसिटोन आणि मध साठवून ठेवला की महिनोन् महिने हळूहळू त्याचं मिथाइलग्लायॉक्सल होत राहतं. म्हणजे बाटली बंद झाली तरी फुलाचं काम चालूच असतं. आज तो मध या रेणूच्या आकड्यावर विकला जातो. त्यांनी आपल्या एका झुडपाची इतकी कसून ओळख करून घेतली, याचं मला कौतुक वाटतं आणि आपल्या कारवीसाठी वाईटही वाटतं.

आपल्याकडेही अशी ओळख पटवण्याजोगं पुष्कळ आहे. संत्र्याच्या मधात मिथाइल अँथ्रॅनिलेट असतं, चमेलीच्या वासातही जे असतं तेच. विदर्भात आंबिया बहराच्या दिवसांत संत्र्याच्या बागेतून चालत गेलं की नाकाला जे जाणवतं त्याचाच अंश त्या मधात उतरतो आणि प्रयोगशाळेत तो मोजता येतो. फुलाच्या विषाचीही तीच तऱ्हा. तुर्कस्तानच्या काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर ऱ्होडोडेंड्रॉन या झुडपाचा विषारी मध खाऊन ग्रीक सेनानी झेनोफनचं सैन्य इसवीसनपूर्व ४०१ च्या सुमारास आडवं झालं होतं.

मुलांना घेऊन एकदा पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत गेले होते. ही संस्था १९६२ पासून पुण्यात आहे. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली मधातले पराग पाहिले. थेंबभर मध पाण्यात विरघळवून, फिरवून, तळाशी बसलेला गाळ काचेवर घ्यायचा. सूर्यफुलाचा पराग पाहिला, गोल, अंगभर काटे, खेळण्यातल्या काटेरी चेंडूसारखा. जांभळाचा पराग बारीक आणि त्रिकोणी. बाभळीचा तर सुटा नसतोच, सोळा-सोळा कण एका गड्डीत. एका मधातले ४५ टक्क्यांहून जास्त पराग एकाच फुलाचे असले तर तो त्या फुलाचा मध, असा साधारण संकेत आहे, जरी काही फुलं पराग हात सैल सोडून देतात आणि काही जपून, म्हणून जाणकार नुसत्या मोजणीवर थांबत नाहीत. मी नळीला डोळा लावून बराच वेळ सूर्यफुलाचा तो काटेरी गोळा पाहत राहिले. १९९१ च्या बाटलीतला एक थेंब असा काचेवर घेतला असता तर मामाचं म्हणणं पाच मिनिटांत खरं ठरलं असतं. तेव्हा ते कुणालाच सुचलं नाही, मला तर नाहीच.

घरात ज्या परीक्षा चालतात, कागदावर थेंब टाकणं, काडी बुडवून पेटवणं, पाण्यात धार सोडणं, त्यांतली एकही फुलाचा मध आणि दाट पाक यांत भेद करत नाही. दोन्हींत पाणी कमी असतं, एवढंच त्या सांगतात. भेद होतो तो खोलवर. ऊस, मका, ज्वारी ही पिकं हवेतला कार्बन ज्या पद्धतीने बांधतात ती जांभूळ-सूर्यफुलाच्या पद्धतीहून वेगळी. त्यामुळे उसाच्या साखरेत जड कार्बन थोडा जास्त असतो आणि मधात ती मिसळली तर पकडता येते. पावसाळ्यात फूल नसतं तेव्हा मधपाळ माशा जगवायला साखरेचा पाक देतात. त्यात पाप काही नाही, पण पाक दिल्यावर लगेच मध काढला तर तीच साखर बाटलीत येते. गुऱ्हाळावर घोंगावणाऱ्या माशांनाही कुणी अडवू शकत नाही. भेसळ करणारे हुशार. त्यांनी तांदळाचा पाक आणला, ज्याचा कार्बन फुलांसारखाच असतो. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने तेरा ब्रँडचे नमुने तपासून घेतले, तेव्हा बहुतेक नमुने एनएमआर या रेणू ओळखणाऱ्या चाचणीत उतरले नाहीत. मामाच्या सूर्यफुलावर मी जो आरोप केला होता तो ज्यांच्यावर करायला हवा होता, त्यांचा मध दुकानात स्वच्छ, पातळ आणि चकाकत उभा होता.

म्हणून मला वाटतं, बाटलीवर 'शुद्ध' हा शब्द लिहून काही साधत नाही. फूल कुठलं, गाव कुठलं, महिना कुठला, एवढं लिहावं. महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून ओळख मिळाली तेव्हा मला म्हणूनच आनंद झाला. मध कुठल्यातरी गावाचा असतो, हे निदान मोठ्याने बोललं गेलं. मध गरम करून पातळ करायची घाई आपल्यापायीच होते. तापवला की त्यात साखरेपासून बनणारं हायड्रॉक्सिमिथाइलफरफ्युरल वाढतं, विकरं मरतात, वास उडतो आणि सगळ्या डोंगरांचे मध एकसारखे लागायला लागतात. गोठला असेल तर बाटली कोमट पाण्यात ठेवावी, हाताला सोसेल इतपत, नाहीतर तसाच खावा. पोळीवर तुपासारखा पसरतो, दातांखाली बारीक रवा येतो. मला आता तोच आवडतो.

मामेभावाने पेट्या चालू ठेवल्या आहेत. आठच्या बारा झाल्या. गेल्या वर्षी मी त्याला हे सगळं सांगितलं, १९९१ चं सुद्धा. तो हसला नाही. आत गेला आणि गोठ्याच्या आतल्या भिंतीवर मामाने पेन्सिलने लिहिलेल्या ओळी मला दाखवल्या. जांभूळ, हिरडा, गेळा, पुढे महिना आणि किती बाटल्या. १९९१ च्या ओळीत "सूर्यफूल, २६ बाटल्या" आणि त्याच्या शेजारी पुण्याची खूण म्हणून एक छोटा 'पु'. पुढच्या वर्षांत सूर्यफुलाची नोंद आहे, पण शेजारी 'पु' नाही. त्याच भिंतीवर, थोडी वर, कारवीची वर्षं एकाखाली एक लिहिली आहेत. मामा गेल्यावरची मामेभावाने जोडली आहेत.

परवा त्याचा फोन आला. म्हणाला, वरच्या अंगाला कारवीला कळ्या धरल्यात, दिवाळीच्या सुमारास येऊन जा. सरबताच्या बाटलीचं तोंड अरुंद, कारवीचा मध त्यातून उतरत नाही. म्हणून रुंद तोंडाच्या सहा बरण्या धुवून, उन्हात वाळवून, जुन्या साडीत गुंडाळून एसटीने पाठवल्या आहेत.